न दुखणाऱ्या दुखण्याची दवंडी

जानेवारी सरत आला की महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींच्या दप्तरात एक छापील आवाहन येऊन दाखल होते. ग्रामसभा भरते, जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचे ते आवाहन वाचून दाखविले जाते, सरपंच दोन शब्द बोलतात, कुष्ठरुग्णांशी भेदभाव न करण्याची प्रतिज्ञा जमलेल्या मंडळींकडून म्हणवून घेतली जाते, आणि गावातलीच एखादी शाळकरी मुलगी ‘सपना’ हे नाव धारण करून, अंगावर न खाजणारा, न दुखणारा चट्टा आढळल्यास आरोग्यकेंद्रात दाखवा, असा निरोप गावाला देते. ३० जानेवारी २०१७ रोजी, महात्माजींच्या पुण्यतिथीस, केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘स्पर्श’ ह्या जनजागृती मोहिमेचे हे दृश्य स्वरूप होय. राउल फोलेरो ह्या फ्रेंच गृहस्थांच्या प्रेरणेने १९५४ पासून जगभर जानेवारीच्या शेवटच्या रविवारी कुष्ठरोग दिन पाळला जातो. आपल्या देशात तो ३० जानेवारीशी जोडला गेला, आणि तो तसा का जोडला गेला हे निदान वर्ध्यात तरी कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

कारण ह्या भूमीचा त्या कार्याशी असलेला संबंध जुना आहे. १९३६ साली मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरच्या कुष्ठधामाचा पाया घातला. सेवाग्रामच्या आश्रमात परचुरेशास्त्री ह्या व्याधिग्रस्त संस्कृत पंडितांना गांधीजींनी, आश्रमीयांच्या मनातील शंका ध्यानी घेऊनही, ठेवून घेतले आणि स्वहस्ते त्यांची शुश्रूषा केली. आणि गांधीजींच्या पश्चात् १९५१ मध्ये त्यांच्याच नावाने स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने, रुग्णाने दवाखान्याची पायरी चढण्याची वाट न पाहता कार्यकर्त्यानेच घरोघर जाऊन तपासावे, लोकांना शिकवावे आणि त्यांच्या गावातच औषध द्यावे, अशी जी त्रिविध पद्धत इथे घडविली, तीच पुढे साऱ्या देशाच्या कार्यक्रमाची घडण झाली.

ज्या दोन व्यक्तींचा संवाद मी इथे मांडीत आहे त्यांपैकी एक, ज्यांना आम्ही सारे अप्पा म्हणतो, ते ह्याच पद्धतीत वाढलेले सेवानिवृत्त कुष्ठतंत्रज्ञ आहेत. आर्वी, हिंगणघाट आणि समुद्रपूर ह्या तहसिलींतील क्वचितच एखादे गाव असे असेल की जिथल्या अंगणांत त्यांनी माणसे उन्हात उभी करून तपासली नाहीत. दुसरी त्यांची भाची. ती मुंबईस वकिली करते आणि अपंगांच्या हक्कांचे दावे हेच तिने आपले क्षेत्र मानले आहे. ग्रामसभेत चार शब्द बोलावे असा सरपंचांचा निरोप आला म्हणून अप्पा भाषणाचा मसुदा लिहीत होते. तो तिने वाचला, बाजूला ठेवला, आणि तिथून पुढची संध्याकाळ वादात गेली. मी केवळ श्रोता होतो. परंतु माझे मत मला आहे, आणि ते योग्य ठिकाणी मी सांगणार आहे.

वकीलबाई : मामा, ह्या मसुद्यातले एकही वाक्य खोटे नाही, आणि तरीही ते ऐकून गावातल्या एकाही माणसाच्या स्थितीत काडीचा फरक पडेल असे मला वाटत नाही. हा रोग पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे, तो जंतूंमुळे होतो, हे तुम्ही पुन्हा एकदा सांगणार. तो जंतू हॅन्सेन ह्या डॉक्टरने नॉर्वेत १८७३ साली पाहिला. आज दीडशे वर्षे होऊन गेली. इतक्या काळात जे अज्ञान गेले नाही ते अज्ञान नसून दुसरेच काही आहे, असे तुम्हांला वाटत नाही काय? आणि भेदभाव करू नका असा उपदेश ज्या सरकारने भिंतीभिंतींवर रंगविला, त्याच सरकारच्या कायद्याच्या पुस्तकात १८९८ चा तो कायदा तसाच पडून होता, ज्याच्या आधारे रस्त्यावर भिक्षा मागणाऱ्या रुग्णाला वॉरंटाशिवाय पकडून आश्रमात डांबता येत असे. अनेक राज्यांनी तो आपापल्या हद्दीत आधीच मोडीत काढला, हे खरे. पण केंद्राच्या दप्तरातून तो कायमचा निघाला २०१६ साली. जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचे कारण म्हणून चार निरनिराळ्या कायद्यांच्या आधारे पुढे करता येत होते, तेही २०१९ पर्यंत. म्हणजे रोग औषधाने पूर्ण बरा होतो हे ठाऊक असूनही पुढे तीन तपे सरकारने आपल्याच कायद्यांना ते कळविले नाही. तुम्ही जनतेला जागे करायला निघालात. जागे करण्याची गरज दुसरीकडे होती.

अप्पा : तू जे म्हणतेस त्यातले एक अक्षरही मी नाकारीत नाही. तो कायदा ज्यांच्यावर चालला त्यांतली माणसे मी पाहिली आहेत. पण तू रोगाची बाजू ध्यानात घेत नाहीस, बाळ, आणि हा रोग इतर रोगांसारखा नाही. ज्वर आला की माणूस अंथरूण धरतो, पोटात कळ उठली की मध्यरात्री वैद्याचे दार ठोठावतो, दाढ दुखू लागली की पैसे उसने काढून तालुक्याला जातो. त्याला दवाखान्यात धाडण्यासाठी कोणाच्या भाषणाची गरज लागत नाही, कारण वेदना हीच त्याची पहिली सूचना असते. इथे मात्र जंतू नेमका तोच मज्जातंतू पोखरतो ज्याच्यामार्फत सूचना यायची. पाठीवर एक फिकट डाग उठतो. त्याला खाज नाही, आग नाही, दुखणे नाही. त्या जागी घाम येत नाही, केस विरळ होतात. पण आपल्या पाठीवर घाम येतो की नाही हे कोण पाहतो? जंतू शिरल्यापासून डाग दिसेपर्यंत पाचेक वर्षे जातात, कधी वीसही जातात, आणि डाग दिसल्यावरही माणूस तो शिबे म्हणून, उन्हाचा म्हणून, काहीतरी म्हणून सोडून देतो. ज्या दिवशी त्याच्या हातून पेला निसटतो किंवा चालताना पायातली चप्पल मागे राहते आणि त्याला पत्ताही लागत नाही, त्या दिवशी तो आमच्याकडे येतो. आणि तेव्हा आम्ही जंतू मारू शकतो, पण मेलेला तंतू जिवंत करू शकत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, ह्या एका रोगात तरी जनजागृती ही उपचारावर चढविलेली झालर नसून उपचाराचा पहिला भागच आहे. जे दुखत नाही त्याची दवंडी बाहेरूनच पिटावी लागते.

अप्पांच्या ह्या युक्तिवादाचे वजन मला त्या संध्याकाळी जसे जाणवले तसे पूर्वी कधी जाणवले नव्हते. आरोग्यविषयक मोहिमांकडे आपण एका सरसकट दृष्टीने पाहतो. ह्या आठवड्यात मधुमेहाचा फलक, पुढच्या आठवड्यात क्षयाचा, त्यापुढे नेत्रदानाचा, आणि ते सारे सरकारी कर्तव्यपूर्तीचे प्रकार आहेत असे मानून पुढे जातो. परंतु एखाद्या व्याधीचे स्वरूपच असे असावे की तिने रुग्णाला स्वतःबद्दल अंधारात ठेवावे, तर त्याला सांगण्याचे काम शेजाऱ्यावर, शिक्षकावर, न्हाव्यावर, आशाताईवर, म्हणजे समाजावरच येऊन पडते, आणि ते त्याने न केल्यास त्या माणसाचा हात वाकडा होण्याला समाजही तितकाच जबाबदार ठरतो. हे मान्य केल्यावर मोहीम असावी की नसावी हा प्रश्न उरत नाही. ती कोणाला, काय आणि कशी सांगते एवढाच प्रश्न उरतो. वकीलबाईंनीही, मला वाटते, हे ताबडतोब ओळखले, कारण त्यांनी आपला मोर्चा बदलला.

वकीलबाई : ठीक आहे; सांगावे लागते, हे मला मान्य. पण आजवर काय सांगितले गेले ते पाहा. लहानपणी तुमच्या कार्यालयाच्या भिंतीवर मी जी चित्रे पाहिली, झडलेली बोटे, बसलेले नाक, पायाच्या जखमा, ती मला आजही डोळ्यांपुढे दिसतात, आणि त्यांखाली काय लिहिले होते ते मात्र आठवत नाही. मदतीचे आवाहन करणाऱ्या संस्थांनीही तीच चित्रे वापरली, कारण त्यांनी खिशातून पैसा निघतो. पण ज्या चित्राने करुणा उपजते त्याच चित्राने भयही उपजते, आणि करुणा देणगी देऊन घरी जाते, भय मात्र घरातच राहते. तुम्ही माणसाला चट्टा दाखवायला सांगता आणि दाखवणाऱ्याचे पुढे काय होते त्याचे चित्र त्याच्यापुढे टांगता. मग तो चट्टा सदऱ्याखाली का लपवणार नाही? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपल्या निकालात स्पष्ट निर्देश द्यावे लागले की, जनजागृतीच्या कार्यक्रमांत भीतिदायक चित्रांचा वापर थांबवावा आणि बऱ्या झालेल्या व्यक्तींना स्वतःचे अनुभव सांगू द्यावेत. न्यायालयाला ही गोष्ट सांगावी लागली, ह्याचा अर्थ मोहीम चालविणाऱ्यांना ती सुचली नव्हती.

अप्पा : ती चित्रे आम्हीच लावली. त्या काळी एकट्या डॅप्सोनच्या गोळीवर भिस्त होती. ती वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर घ्यावी लागे, आणि त्याआधी तर कडू कवठाच्या तेलाची टोचणीच काय ती होती. गोळी मध्येच सोडली तर काय होते हे दाखविल्यावाचून माणूस ती घेत राहील, ह्याची खात्री आम्हांला वाटत नसे. नंतर काळ पालटला. एकदम दोन-तीन औषधे द्यायची, सौम्य रोगाला सहा महिने आणि तीव्र रोगाला आधी निदान दोन वर्षे, पुढे बारा महिने, अशी योजना जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ नंतर सांगितली, आणि देशात ती अगदी प्रथम ज्या थोड्या जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला वर्धा होता. त्या पहिल्या मासिक मात्रेनेच शरीरातले बहुतेक सारे जंतू मरतात आणि माणसापासून दुसऱ्याला लागण होण्याचे भय जवळजवळ उरत नाही. इतकी मोठी गोष्ट घडली, आणि भिंतीवरची चित्रे मात्र आम्ही उतरवली नाहीत, हा तुझा आक्षेप योग्य आहे. पण तुला एक गोष्ट सांगतो, ती कोणत्याही चित्रात नसे, आणि तीच आम्ही सांगायला हवी होती. ह्या तीन औषधांतल्या एकाने लघवी लाल होते, आणि दुसऱ्याने अंगाचा वर्ण काळवंडतो. लाल लघवी पाहून माणूस घाबरतो आणि गोळ्या उकिरड्यावर टाकतो. वर्ण काळवंडतो तेव्हा शेजारीण विचारते, सून इतकी काळी कशी पडली गं? उत्तर देता येत नाही, म्हणून सून औषध सोडते. मी कित्येक घरी हे पाहिले. औषध सोडण्याचे कारण औषधात नव्हते, शेजारणीच्या प्रश्नात होते. त्या शेजारणीला कोणी सांगितले असते की हा रंग औषधाचा आहे, औषध संपल्यावर हळूहळू उतरतो, तर ती सून पूर्ण बरी झाली असती.

वकीलबाई : मग तुमच्या मसुद्यात हे का नाही?

अप्पा : नाही खरे. लिहितो.

त्यांनी तिथल्या तिथे ते समासात लिहिले. एवढ्यात, शेजाऱ्यांच्या ह्या दुराव्याचा विचार करताना, मला मुंबईच्या वडाळ्याचे एक्वर्थ रुग्णालय आठवले, म्हणून मी तो विषय काढला. मुंबईचे त्या वेळचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी एक्वर्थ ह्यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये ते वडाळा-माटुंग्याच्या माळावर निराश्रित रुग्णांसाठी उभे राहिले. हेच ते एक्वर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या साहाय्याने गोंधळ्यांच्या मुखातले मराठी पोवाडे गोळा करून छापले आणि आपल्या इतिहासाचे एक मोठे धन वाचविले. मराठी माणसाच्या तोंडचे शब्द इतक्या आदराने टिपून घेणाऱ्या त्या गृहस्थाने शहरातील रुग्णांना शहराबाहेर आश्रय दिला, आणि तो आश्रय आणि ते बाहेर ठेवणे ही एकाच कृतीची दोन अंगे होती. त्या काळी औषध नव्हते, म्हणून मी त्यांना दोष देत नाही. परंतु सेवा करावी ती दूर नेऊन करावी, ही जी सवय तेव्हा समाजाला जडली ती औषध आल्यावरही सुटली नाही. वरोऱ्याच्या उजाड माळावर १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून बाबा आमट्यांनी जे आनंदवन वसविले, आणि अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांनी जे तपोवन वसविले, त्यांचे थोरपण ह्यात आहे की दूर लोटलेल्या माणसाने तिथे दान न मागता शेती पिकवली, लोखंड घडवले, कापड विणले आणि समाजालाच आपल्या दारी यायला लावले. तथापि, ज्या दिवशी बऱ्या झालेल्या माणसाला आनंदवनाची गरज उरणार नाही, त्याच्या गावातच त्याचे घर त्याला पुरेसे होईल, तो दिवस आणणे हे काम मात्र त्या संस्थांचे नव्हे. ते गावाचेच आहे.

अप्पांना ह्यावर काही बोलायचे होते, परंतु त्यांच्या मनात आणखी एक शल्य होते आणि ते आधी बाहेर आले.

अप्पा : आमच्या मोहिमेचे सर्वांत मोठे अपयश मी सांगू? आम्ही जिंकल्याची बातमी फार जोरात दिली. डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, ही संख्या देशाने गाठली. ती गाठणे मोठे कार्य होते. त्यासाठी माणसांनी पायपीट करून हाडांची काडे केली. पण दहा हजारांत एक ही सरकारी कागदावर ठरविलेली मर्यादा होती, आणि लोकांनी ऐकले ते असे की कुष्ठरोग गेला. वरिष्ठांनीही तसेच ऐकले. आमची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली, निवृत्तांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि नव्या डॉक्टरांना कोपराजवळची शीर बोटाने चाचपून ती जाडावली आहे काय हे पाहण्याची सवयच राहिली नाही. आज साऱ्या जगात वर्षाकाठी जेवढे नवे रुग्ण सापडतात त्यांतले निम्म्याहून अधिक आपल्या देशात सापडतात. त्यांत लहान मुले असतात. मूल सापडले ह्याचा अर्थ त्याच्या घरात किंवा शेजारात औषध न घेतलेला कोणीतरी मोठा माणूस आहे, हे आम्हांला पहिल्या दिवशी शिकविले होते. म्हणून मला कोणी विचारले की मोहीम यशस्वी झाली की नाही, तर मी फलक मोजणार नाही, सभा मोजणार नाही. नव्या रुग्णांत वाकडी बोटे घेऊन किती आले आणि मुले किती आली, एवढेच पाहीन. ह्या दोन्ही गोष्टी रोग उशिरा कळल्याच्या खुणा आहेत.

वकीलबाई : ह्यावर आपले एकमत आहे, आणि माझ्या पक्षाला ह्यानेच बळ मिळते. तुमची मोहीम रुग्ण सापडला की संपते. सहा किंवा बारा महिन्यांनी त्याचे नाव नोंदवहीतून कमी होते, सरकारच्या लेखी तो बरा होतो. पण बधिर झालेला हात बधिरच राहतो. त्या हाताने चुलीवरचे भांडे उतरवले तर भाजते आणि कळत नाही. त्या पायात काटा मोडला तर तो आठवडाभर तसाच राहतो. अशा माणसाला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्यता दिली आहे, आणि मामा, तुम्हांला ठाऊक असेल नसेल, बाहेरून विकृती दिसत नसून केवळ हातापायांची संवेदना गेली असली तरीही त्याच्या व्याख्येत ती व्यक्ती बसते. १९९५ च्या जुन्या कायद्यातही कुष्ठमुक्तांचा समावेश होता. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना चार टक्के जागा राखीव आहेत. हे सारे कागदावर असून दाखल्यासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात चकरा मारून माणसे थकतात, आणि ज्या बोटांचे ठसे उमटत नाहीत त्या बोटांच्या मालकाला रेशनच्या दुकानातले यंत्र ओळखत नाही. तिथे तुमची ‘सपना’ काय करते?

अप्पा : तिनेच तर ते करायला हवे. हा कायदा असा आहे हे मला, सारा जन्म ह्या कामात घालविलेल्याला, आज तुझ्या तोंडून कळले. तर गिरडकडच्या खेड्यातल्या शेतमजुराला ते कोण सांगणार? चट्टा ठाऊक नसणे आणि हक्क ठाऊक नसणे ह्यांत फरक कोणता? तू न्यायालयात लढतेस ते आधी जो तुझ्यापर्यंत पोहोचतो त्याच्यासाठी. तो पोहोचतो कसा, तेवढे सांग.

भाची निरुत्तर झाली असे मी म्हणणार नाही, कारण तिने उत्तर दिले, आणि ते मला अप्पांच्या प्रश्नाइतकेच मोलाचे वाटले. ती म्हणाली की हक्काची माहिती देणे हेही सांगणेच असले तरी ते वेगळ्या जातीचे सांगणे आहे, कारण त्यात बोलणारा बांधला जातो. ‘प्रेमाने वागा’ असे सांगणाऱ्याला काहीच द्यावे लागत नाही. ‘ह्या महिन्यात इथे दाखला मिळेल’ असे सांगणाऱ्याला टेबल मांडावे लागते, डॉक्टर आणावा लागतो, शिक्का सोबत ठेवावा लागतो. माझे मत ह्या वादात कुठे पडते ते आता सांगायला हरकत नाही. दवंडी हवीच, ह्या बाबतीत मी अप्पांचा आहे. पण दवंडी पिटणाऱ्याने मागोमाग काहीतरी घेऊन यावे, ह्या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या भाचीचा आहे, आणि आजच्या मोहिमांत हीच दुसरी गोष्ट सर्वांत दुर्बळ आहे असे मला कळकळीने वाटते.

मात्र दोघांच्याही बोलण्यात एक माणूस राहून गेला होता, आणि तो विषय निघाला तो अप्पांनी सहज सांगितलेल्या एका हकिगतीमधून. त्यांच्या क्षेत्रातील एका गावात एक गृहस्थ होते. रोग बरा झाला होता, पण तळपायाची जखम वारंवार चिघळत असे. रोज पाय अर्धा तास साध्या पाण्यात भिजवायचा, कडेची जाड कातडी दगडाने अलगद घासून काढायची, ओलसर असतानाच तेल लावायचे, मऊ फडके गुंडाळायचे, हा सारा क्रम त्यांच्या पत्नीने इतक्या निष्ठेने चालविला की अप्पा नव्या कार्यकर्त्यांना शिकण्यासाठी त्या घरी नेत. पुढे त्या बाईंच्याच दंडावर चट्टा उठला. तो तिने लपविला. कारण विचारता ती म्हणाली की मला धरून नेले तर ह्यांचा पाय कोण धुणार, आणि पोरीचे लग्न ठरायचे आहे.

अप्पा : तिला कोणी धरून नेणार नव्हते. औषध घरीच मिळणार होते. मी महिन्याला त्या घरी जात होतो, आणि हे तिला एकदाही सांगितले नव्हते, कारण माझ्या नोंदवहीत नाव तिच्या नवऱ्याचे होते.

वकीलबाई : ह्याच माणसांसाठी त्या कायद्यात एक तरतूद आहे. ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांना काळजीवाहकासाठी भत्ता देण्याची योजना सरकारने आखावी, असे त्यात लिहिले आहे. काळजी घेणारा कोण ह्याची व्याख्याही केली आहे, आणि त्यात आईवडील व घरची माणसे येतात. पण खरे सांगायचे तर माझ्याकडे आजवर जितके अर्ज आले ते रुग्णांचे आले. त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईने स्वतःसाठी काही मागितल्याचे मला आठवत नाही, आणि मीही तिला कधी विचारले नाही.

ह्यानंतर काही काळ कोणी वाद घातला नाही. मसुद्याचे काम मात्र वेगाने झाले. जंतूचा इतिहास सांगणारा पहिला परिच्छेद अप्पांनी स्वतःच खोडला. त्याच्या जागी चट्ट्याची ओळख आली, औषधाने पालटणाऱ्या रंगाची गोष्ट आली, घरातल्या साऱ्यांनी तपासून घ्यावे, कोणालाही घराबाहेर काढले जाणार नाही, रुग्णाच्या सान्निध्यात राहणाऱ्यांना प्रतिबंधासाठी रिफाम्पिसिनची एक मात्रा दिली जाते ती नाकारू नये, हे आले. जखम धुणाऱ्या हाताला कुठे मदत मिळते, हे आले. भाषण कोणी करावे ह्याविषयी भाचीने आग्रह धरला की बरा झालेला एखादा गावकरी तयार असेल तर त्याने करावे आणि अप्पांनी खाली बसावे. अप्पांनी ते मानले, पण त्या गावकऱ्याची इच्छा आधी विचारावी आणि त्याच्या घरच्यांचीही विचारावी, कारण सभेत उभे राहिल्याची किंमत त्याच्या मुलांना द्यावी लागते, अशी पुस्ती जोडली. चित्रांविषयी मात्र समेट झाला नाही. ग्रामसभेत वाकड्या बोटांचे चित्र नको, हे दोघांना मान्य होते. परंतु आशाताईंच्या प्रशिक्षणात ते असलेच पाहिजे, नाहीतर त्यांना प्रारंभीची विकृती ओळखू येणार नाही, हा अप्पांचा हट्ट, आणि प्रशिक्षणातले चित्र तिथेच थांबत नाही, ते त्यांच्या नजरेतून घरोघर पोहोचते, हा भाचीचा. त्या रात्री तो प्रश्न तसाच राहिला.

शेवटी ग्रामसभेच्या दिवशीच दाखल्यांचे शिबिर भरवावे, असा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे अर्ज करण्याचे ठरले. भाची तो लिहायला बसली. तिचा मजकूर संपत आला तसे अप्पा म्हणाले, “त्यात मऊ रबराच्या चपलांचीही मागणी घाल, आणि माप घेणारा माणूस त्याच दिवशी पाठवा असे स्पष्ट लिही. पाय कागदावर ठेवून त्याची आकृती काढावी लागते. ती न काढता चपला आल्या, तर त्या आल्याची नोंद होते, पण पायात त्या कोणाच्याच बसत नाहीत.”